दरवर्षी माफी मागायला

लेनी,

मंगळवारी तुला पोचवून आलो. क्रॉयडनच्या क्रिमेटोरियममध्ये तुझी बहीण होती, आपल्या ऑफिसातली आम्ही सहाजणं होतो, स्टुडिओत आवाज द्यायला येणारे नट होते आणि खास टोकियोहून आलेले हायाशीसान होते. पाद्रीबुवांनी कागदावरून वाचून दाखवलं की तू जपानी ॲनिमेशनच्या व्यवसायातला एक ज्येष्ठ अमेरिकन अधिकारी होतास. मला क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या अंत्यविधीला येऊन बसलोय. कोटाच्या खिशात बिस्किटांचा चुरा घेऊन हिंडणारा आणि फॅक्स मशीनला शिव्या देणारा लेनी त्या कागदावर कुठेच नव्हता. म्हणून मीच लिहायला बसलेय. मराठीत लिहितेय, कारण खरं काय ते मला मराठीतच नीट सांगता येतं. तुला मराठीचं अक्षर येत नव्हतं ही अडचण आहे खरी, पण आवाज बंद करून अख्खा सिनेमा समजून घेणाऱ्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही.

आपली पहिली भेट आठवते? इंग्लंडात येऊन मला सात वर्षं झाली होती. सुधीर हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, गौरी शाळेत, आणि मी सांगलीची संस्कृतची बी.ए. घरात बसून दुधाच्या बाटल्या धुऊन दारात ठेवत होते. लोकल पेपरात 'टायपिस्ट पाहिजे' अशी जाहिरात वाचून मी तुझ्याकडे आले. तुझ्या बिल्डिंगच्या दारापर्यंत पलीकडच्या व्हिसाच्या ऑफिसची रांग आलेली होती. दारावरच्या माणसानं माझी साडी बघितली आणि काही न विचारता रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं. आणि मी गेले की उभी राहायला! वीस मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. चौथ्या मजल्यावर धापा टाकत आले तेव्हा तू विचारलंस, "उशीर का झाला?" मी म्हणाले, "रांगेत होते." तू इतका हसलास की तुझा चहा सांडला.

मग टायपिंगची परीक्षा वगैरे काही नाहीच. तू एक व्हिडिओ टेप लावलीस, आवाज पूर्ण बंद केलास आणि म्हणालास, "काय चाललंय ते सांग." चित्रातली माणसं जपानी, घर डोंगरातलं, बाहेर बर्फ. एक मुलगी आणि एक बाई जेवत होत्या. मी पाच मिनिटं बघून म्हणाले, "ही तिची आई नाही. सावत्र आई असेल, नाहीतर काकू." तू खुर्चीतून पुढे आलास. ती टेप तू म्हणे कित्येकदा पाहिली होतीस, आणि अमेरिकेत असताना त्यावर कामसुद्धा केलं होतंस, पण भाषांतर हातात येईपर्यंत तुला ते कळलं नव्हतं. "कशावरून?" तू विचारलंस. मी म्हणाले, "वाढताना ती मुलीच्या तोंडाकडे बघते, हवंय का म्हणून. आई बघत नाही, आई सरळ वाढते." तू म्हणालास, "सोमवारी ये."

घरी जाऊन सांगितलं तेव्हा सुधीरला वाटलं, मी फसवली गेले. "अगं, कार्टून बघायचा जॉब? अँड दे पे यू?" गौरी मात्र आनंदानं उड्या मारायला लागली. "आई, तुझी ऑफिस किती मस्त आहे! मी पण येतो!" तिचं मराठी तेव्हापासून असंच आहे, तू उगाच तिला सुधारायला जायचास, स्वतःला एक शब्द येत नसताना.

कामाची तुझी पद्धत मला सुरुवातीला वेडगळ वाटायची. कुठलाही सिनेमा विकत घेण्याआधी तू तो आवाज बंद करून बघायचास. गोष्ट कळली तरच घ्यायचास. इंग्रजी आवाज भरून झाले की शेवटची तपासणीही तशीच, आवाज बंद, नाक पडद्याला चिकटवून. संवाद आणि ओठ जुळतात का एवढंच बघायचं. तुझं म्हणणं असं की आवाज चालू असला की माणूस कानांवर विश्वास ठेवतो आणि डोळे आळशी होतात. ते ऐकून मी मनात म्हणायचे, अति तिथं माती. पुढे या पद्धतीनंच आपल्याला गोत्यात आणलं, पण ते येईलच.

माझी पद्धत तुला तितकीच वेडगळ वाटली होती. जपानी पात्राचं तोंड किती वेळा उघडतं ते मोजून तेवढ्यात बसणारं इंग्रजी वाक्य लिहायचं, हे आपलं काम. बाकीचे लोक स्टॉपवॉच घेऊन बसायचे. मी सांगलीला गाणं शिकलेली, मला घड्याळ कशाला? मी मांडीवर ताल धरायचे. टाळी, बोटं, खाली, पुन्हा टाळी. वाक्य समेवर आलं की बसलं, नाही आलं की खोडायचं. घरी वाक्यं पाढ्यांसारखी पाठ करत बसायचे तेव्हा सुधीर ओरडायचा, "नाइट ड्यूटी करून आलोय गं, व्हॉट इज धिस टाळ्या?" आणि महिन्याभरात स्टुडिओत काय दृश्य! लंडनच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले नट मायक्रोफोनसमोर उभे राहून मांडीवर तीनताल धरतायत, आणि काचेच्या पलीकडे तू, चुकीच्या जागी खाली दाखवतोयस. तुला ताल शेवटपर्यंत आला नाही. मात्र आपल्या टेपांमधले ओठ चुकत नाहीत, हे पुढे टोकियोतसुद्धा बोललं जायला लागलं.

हायाशीसानांची गोष्ट तू मला पहिल्या वर्षी सांगितली नाहीस. दुसऱ्या वर्षी सांगितलीस, तीही ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर, गाडी रद्द झाली म्हणून. मुलाखतीत मला दाखवलेला तो बर्फातला सिनेमा त्यांचा होता. सत्तरच्या दशकात तू एका अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीसाठी तो विकत घेतलास आणि मुलांना जड जाईल म्हणून कापलास. दुःखाचे प्रसंग काढून टाकलेस. मुलीला बेट्सी नाव दिलंस. शेवटी ती तेरा वर्षांची पोर रेशमाच्या गिरणीत कामाला निघते, सावत्र आई दारात उभी असते, दोघींपैकी कुणीच काही बोलत नाही आणि नुसती बर्फातली पावलं ऐकू येतात. त्या शांततेवर तू एक आनंदी गाणं चिकटवलंस, वर एक माणूस सांगतोय की बेट्सी आता मजेदार सहलीला निघाली! हे सांगताना तू हसत होतास, पण तुझे कान लाल झाले होते. पुढच्या खेपेला तू टोकियोला त्यांच्या घरी गेलास, तर त्यांच्या पत्नीनं चहा दिला, बिस्किटं दिली, आणि हायाशीसान आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. तू दोन तास बसून परत आलास. त्यानंतर तू ती नोकरी सोडलीस.

"मला तो सिनेमा पुन्हा करायचाय," तू म्हणालास. "एक चित्र कापायचं नाही, एक शब्द घालायचा नाही. आणि मग त्यांनी एकदा माझ्यासमोर बसून चहा प्यावा." तुझं सगळं लंडनचं बिऱ्हाड, ते चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या, हे त्या एका चहासाठी मांडलं होतं, हे मला त्या प्लॅटफॉर्मवर कळलं.

तीन वर्षं तू पत्रं लिहिलीस. शेवटी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: कर, मी येऊन बघेन, मग ठरवेन.

आता माझ्या पापाकडे येते. लेनी, मी ते वाक्य हौसेनं घातलं नव्हतं. आपल्याकडे घरातून निघताना कुणी मुकाट्यानं निघत नाही, आणि 'जाते' तर कधीच म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. मी स्वतः सांगलीहून इंग्लंडला निघाले तेव्हा टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, बॅगेचा पट्टा तुटला होता, आणि त्या गडबडीत आईला 'येते' म्हणायचं राहून गेलं. आईनं पहिल्याच पत्रात ठणकावलं. सात वर्षं सुट्टी जमली नाही तर तिनं त्याचा दोषही त्या राहून गेलेल्या 'येते'वरच ठेवला. तेव्हा ती पोर बर्फात पाठमोरी चालू लागली आणि काही बोललीच नाही, हे मला बघवेना. मुलगी पाठमोरी, म्हणजे ओठ दिसत नाहीत. ओठ दिसत नाहीत म्हणजे मोजायचं काही नाही. तू त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे होतास. मी आवाज देणाऱ्या मुलीला हळूच म्हणायला सांगितलं, "आय'ल बी बॅक, देन." एकाच फटक्यात झालं. स्टुडिओतल्या सगळ्यांचे डोळे भरून आले, म्हणून मला वाटलं, बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण दाढ काढलेला माणूस बोलू शकत नाही आणि ऐकूनही घेत नाही. मग मला वाटलं, टेप तपासशील तेव्हा कळेलच तुला. तू तपासलीस. आवाज बंद करून. शेवटच्या दृश्यात ओठच नाहीत, त्यामुळे तू समाधानानं टेप डबीत घालून चिकटपट्टी लावलीस. मी बघत उभी होते, वर चिकटपट्टी कापायला कात्रीही मीच दिली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

हायाशीसान सोहोतल्या त्या छोट्या थिएटरात आले तो दिवस मला फ्रेम-फ्रेम आठवतो. करडा सूट, हातात छत्री, मधल्या रांगेत ताठ बसलेले. तू त्यांच्यामागे दोन खुर्च्या सोडून. सिनेमा सुंदर झाला होता, लेनी, आजही म्हणते. एकही ओठ चुकला नाही. आणि मग बर्फ आला, पावलं आली, आणि ते वाक्य. तुझी मान अशी वळली माझ्याकडे! हायाशीसान हलले नाहीत. दिवे लागले तेव्हा ते उठले आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "शेवटचं वाक्य कुणाचं?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण तू इतक्या झटक्यात उभा राहिलास की तुझी खुर्ची खाडकन मिटली. "माझं," तू म्हणालास, आणि कमरेत वाकलास. पुष्कळ वेळ वाकलेलाच राहिलास.

हायाशीसान छत्रीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "सिनेमा बाजारात जाऊ दे. वाक्य राहू दे. तुला मी माफ करत नाही. पुढच्या वर्षी टोकियोला ये आणि माफी माग." आणि ते निघून गेले.

मी तिथेच रडायला लागले. आपले नट बिअर प्यायला जमायचे त्या पबमध्ये तू मला नेऊन बसवलंस आणि संत्र्याचा रस पाजलास. चिडशील, नोकरीवरून काढशील असं वाटत होतं. तू म्हणालास, "वाक्य चांगलं आहे. सिनेमा त्याच्याशिवाय जास्त चांगला आहे." या मुद्द्यावर आपण पुढे किती वर्षं भांडलो! तुझं म्हणणं, ती बोलत नाही म्हणूनच आपण बोलतो, मनातल्या मनात. माझं म्हणणं, सावत्र आईनं इतकी वर्षं मुलीच्या तोंडाकडे बघत वाढलं, तिला निदान एक शब्द मिळायला हवा होता. मला तुझं अजूनही पटलेलं नाही. आता वाद घालायला तू नाहीस म्हणून मी माघार घेईन, असं समजू नकोस.

सिनेमा चालला. व्हिडिओच्या दुकानांत आपली एक वेगळी फळीच झाली. गौरीच्या शाळेत दाखवला तर तिच्या टीचर पेपरच्या रुमालांचं खोकं घेऊन बसल्या होत्या. टेपच्या शेवटी 'इंग्रजी संवाद' म्हणून माझं नाव येतं, ते बघायला सुधीरनं पैसे देऊन आपलीच टेप भाड्यानं आणली, आणि नावावर पॉज करून करून तिची वाट लावली. जो कोणी घरी येईल त्याला दाखवायचा. स्टॅनमोरच्या कुलकर्ण्यांना तर दोनदा दाखवली. दुधाच्या बाटल्या धुणारी बाई जाऊन तिथे कुणी दुसरीच आली होती, आणि ती मला आवडायची. हे तुझ्यामुळे झालं, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. तू लगेच विषय बदलून बिस्किटं पुढे केली असतीस.

पण दरवर्षी ऑक्टोबर यायचाच. तू टोकियोला निघायचास, मी तुझ्या बॅगेत चिवड्याचा डबा भरायचे, आणि तू आठ दिवसांनी परत येऊन दारातूनच सांगायचास, "यंदाही नाही!" इतक्या हसतमुखानं सांगायचास की मला वाटायचं, माझं मन राखायला हसतोय बिचारा. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. तुझा व्यवसाय वाढला, टोकियोतले मोठे मोठे स्टुडिओ तुला स्वतः फोन करायला लागले, आणि ज्या एका माणसाच्या माफीसाठी तू हे सगळं केलंस त्यानं ती दिली नाही, ती माझ्यामुळे. पाचव्या वर्षी मी हायाशीसानांना पत्र लिहिलं: वाक्य माझं होतं, लेनीला माहीतसुद्धा नव्हतं. पाकिटावर पत्ता घालताना तू बघितलंस. ते पत्र तू माझ्या हातातून काढून घेतलंस, चार तुकडे केलेस आणि म्हणालास, "वसुधा, पुन्हा असं पत्र लिहिलंस तर मी तुला काढून टाकेन." इतक्या वर्षांत तू दिलेली ती एकच धमकी. मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस! घरी येऊन देवापुढे दिवा लावला तुझ्यासाठी.

नववं वर्ष येऊन गेलं. यंदाही नाही. आणि मग जानेवारीत, काही न सांगता, तुझ्या हृदयानं काम थांबवलं. बातमी कळल्यावर मी ऑफिसला गेले, तुझ्या खुर्चीत बसून टेप लावली आणि आवाज बंद केला. काहीच कळेना. सगळी चित्रं नुसती हलत होती. मला तुझी फार आठवण येते रे. आणि रडताना एकच विचार यायचा, की हा माझं ओझं घेऊन गेला, आणि आता ते उतरवायला जागाही राहिली नाही.

म्हणून मंगळवारी, सगळं आटपल्यावर चहा-सँडविचेस चालली होती तेव्हा, मी सरळ हायाशीसानांसमोर जाऊन बसले. आता ऐंशीच्या पुढचे आहेत. मी म्हणाले, "ते वाक्य माझं होतं. लेनीचा काही दोष नव्हता. तुम्ही नऊ वर्षं चुकीच्या माणसाला शिक्षा केलीत."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "लेनीनं पूर्वी माझ्या सिनेमात पुष्कळ वाक्यं घातली होती. ठेवण्यासारखं एकही नव्हतं. हे होतं. शिवाय तो फार पटकन उभा राहिला, आणि तुमचं तोंड उघडं होतं."

"मग त्याला माफ का नाही केलंत?"

"केलं ना. तो वाकला तेव्हाच केलं." त्यांनी बशी थोडी बाजूला सारली. "त्या वर्षी माझी पत्नी गेली होती. माफ केलंय असं सांगितलं असतं, तर हा मोठा माणूस एका म्हाताऱ्याबरोबर जेवायला दरवर्षी कशाला आला असता?"

"आणि त्याला... त्याला माहीतच नव्हतं?"

"तिसऱ्या वर्षी मी सांगून टाकलं. तो घाबरला. म्हणाला, हायाशीसान, हे लंडनला कळू देऊ नका, मग मी कुठल्या कारणानं येऊ? तिकडे एक बाई आहेत, त्यांनी तुम्हाला पत्र लिहिलं तर सगळंच संपेल." मग ते हसायला लागले, खांदे हलवून, आवाज न करता. "आम्ही आठवडाभर खायचो, चुकीच्या तालावर टाळ्या वाजवायचो आणि तुमचा चिवडा संपवायचो."

लेनी! नऊ वर्षं मी इकडे झुरत होते, दिवे लावत होते, आणि तुम्ही दोघं लबाड तिकडे मजेत जेवत होतात! क्रिमेटोरियमच्या चहाच्या खोलीत मी इतक्या मोठ्यांदा हसले की तुझ्या बहिणीनं वळून बघितलं, आणि मग मला आवरेना, हसू की रडू तेही कळेना, आणि हायाशीसानांनी आपला इस्त्रीचा रुमाल माझ्यापुढे धरला.

निघताना त्यांनी छत्री घेतली, दारात थांबले आणि एकदम चेहरा कडक केला, सोहोत केला होता तसा. म्हणाले, "पण वाक्य तुमचं होतं, हे तुम्ही आज कबूल केलंत. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये टोकियोला यायचं आणि माफी मागायची."

तिकीट काढलंय, लेनी. आता देवाजवळ एवढंच मागणं, त्यांनी मला एवढ्यात माफ करू नये.

तुझी,
वसुधा